दस्ती

“अप्पा, चला की कॉलेजात. माझ्या चित्रात तुमच्या ओळखीचं माणूस हाय,” शेजारची महादेवी म्हणाली, म्हणून गेलो. चित्रांत आणि नाटकांत शहर कसं दिसतं, यावर तिथं परिसंवाद होता. महादेवी स्टेजवर बसली. मी मागच्या रांगेत.

तिचं चित्र परभणीच्या एसटी स्टँडचं होतं. भिंतीवर नामांतराच्या घोषणा, खाली गर्दी, आणि बाकावर माझी शांता. चित्र दोन वर्षांपूर्वीचं. शांता या श्रावणात गेली.

प्राध्यापक म्हणाले, “या बाईच्या शेजारची रिकामी जागा बघा. एवढ्या गर्दीत ती एकटी आहे. शहर असंच असतं.”

त्या जागेवर माझी दस्ती होती, खिशातला रुमाल. मी चहा आणायला गेलो की शांता बाकावर दस्ती टाकून माझी जागा धरायची. कुणी बसायला आलं की म्हणायची, “बसू नका हो. आमचे चहा आणायला गेलेत, येतेतच.” एकदा तर तिनं पोलिसालाही उठवलं होतं.

उठून हे सांगावं असं वाटलं. तेवढ्यात उशिरा आलेला एक माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीपाशी थांबला.

“दस्ती तुमची का? उचला की, बसतो. लय पाय दुखायलेत.”

मी खुर्चीकडे बघितलं. दस्ती कधी टाकली, मला कळलंच नव्हतं.

“बसू नका हो,” मी म्हणालो. “आमची चहा आणायला गेलीय. येईलच.”