नवी पॅनेलं

ह्यांना नीट ऐकू येईनासं झालं, पण ते तोंडावर सांगवेना. मी थाप मारली, "अहो, तुमच्या त्या दाराएवढ्या स्पीकरची पॅनेलंच म्हातारी झालीत. नागावचा खारा वारा खाऊन त्यांच्या आवाजाच्या पडद्यावर मीठ पिकलंय. काल खरवडून आमटीत घातलं!"

हे हसले. आमच्या नातीला, आश्लेषाला, मात्र पॅनेलांचं खरंच वाटलं. तिनं मुंबईहून नवी आणून घाम गाळत बसवली आणि उठून उभी राहिली.

ह्यांनी लगेच डोळे मिटले, मान डोलवायला लागले. "कुमुद, आता कसं लख्ख ऐकू येतंय!"

आश्लेषा माझ्या कानाशी कुजबुजली, "आजी, अजून प्लग कुठं लावलाय?"

जन्मभर थापा मी मारल्या. हे कधी शिकले?