पुरवणी प्रश्न

"पहिला प्रश्न साधाच असतो," मधुकरराव गुरुजी मुलांना सांगत होते. "लंडनच्या संसदेत दर बुधवारी पंतप्रधानाला विचारतात, आज तुमची कामं काय? ती सांगून झाली की खरा प्रश्न येतो. पुरवणी. तो आधी कळवायचा नसतो, पण उठून उत्तर द्यावंच लागतं."

"त्यानं होते काय, गुरुजी?" सातवीतल्या रुचिकाने विचारलं.

"कधी नुसती गंमत होते. कधी कोणाचं तरी काम होऊन जाते."

देवळीजवळच्या त्या शाळेत शनिवारी बालसंसद होती. पंतप्रधान होणार होती खुद्द सरपंच कोकिळा, गुरुजींचीच जुनी विद्यार्थिनी. मागच्या बाकावर बसून तीही ऐकत होती. जाताना तिने होकाराच्या कागदावर नाव लिहिलं आणि सगळ्या नावाच्या डोक्यावर एकच लांब शिरोरेघ ओढली.

"दोन शब्दांमंधी जागा सोडून रेघ देत जा, चौथीपासून सांगून राह्यलो तुले."

"नाई सुटत, गुरुजी," कोकिळा हसली.

शनिवारी पहिल्या रांगेत उपसरपंच बबनराव बसले. ते कोकिळाचे थोरले दीर. त्यांच्यासमोर ती पदर सावरूनच बोले, उलट शब्द कधी काढत नसे. मुलींच्या नव्या संडासात दोन महिन्यांपासून बबनरावांच्या ठिबकच्या नळ्या होत्या, बाहेर कुलूप. मधल्या सुट्टीत मुली घरी जात, निम्म्या परतत नसत. गावाला ठाऊक होतं. विचारणार कोण?

रुचिका उठली. "पंतप्रधान, आज आपली कामं काय?"

कोकिळाने पोषण आहार सांगितला, पाण्याची टाकी सांगितली.

"पुरवणी प्रश्न. आमच्या संडासाले कुलूप काऊन? किल्ली कोनापाशी आहे?"

गुरुजींनी हातातली प्रश्नांची यादी पाहिली. त्यांनी बसवलेला प्रश्न वाचनालयाचा होता.

कोकिळाने पदर पुढे ओढला. "उत्तर द्याच लागते, नियमच आहे तसा," ती खाली पाहत म्हणाली. "किल्ली आमच्या मोठ्या भाऊजीपाशी आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. बबनरावांनी खिसा चाचपला आणि किल्ली टेबलावर ठेवली. "उद्या उचलतो नळ्या."

"उद्या काऊन? आज काय नागपंचमी आहे, कामाले हात न लावाले?" खिचडी शिजवणाऱ्या वच्छलाबाई मागून म्हणाल्या. हशा पिकला. बबनराव नळ्या उचलायला गेले.

गुरुजींनी रुचिकाला बाजूला घेतलं. "पोरी, बबनराव उद्या तुह्या घरी जाब विचाराले येतीन. हे सुचलं कुठून तुले?"

"मले नाई सुचलं. पाठ कराले दिलतं."

तिने मुठीतली चिठ्ठी उलगडली. दोन ओळींचा प्रश्न होता, आणि प्रत्येक ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब रेघ.