बिलाचा फोटो

ग्रीसमधल्या वोलोस बंदराच्या धक्क्यावरच्या खानावळीत बिल आलं, तसे दोन हात त्यावर एकदम पडले. एक हात बोटींचा कारखाना चालवणाऱ्या मानोलिसचा, दुसरा त्याला बोटींचा रंग विकणाऱ्या लेफ्तेरिसचा. बावीस वर्षं हेच चालत आलं होतं.

"हात काढा काका, नाहीतर चावेन," लेफ्तेरिस म्हणाला.

"चाव की! दात तरी उरलेत का?"

बिल लेफ्तेरिसने पळवलं. मग त्याने नाइलाजाने फोन काढला. शेजारी ख्रिसांथी बसली होती. लेफ्तेरिसच्या रंगाच्या कंपनीसाठी खर्चाचं नवं ॲप तिने बनवलं होतं आणि ते कसं चालतं हे बघायला मालकाने तिला धाडलं होतं. गेल्या वर्षी एका महाभागाने मेव्हण्याच्या साखरपुड्याचं बिल कंपनीच्या नावावर लावलं, तेव्हापासून मालक पोळलेला. म्हणून तिने चोख बंदोबस्त केला होता: फोटो जेवलात तिथेच, उठण्याआधी काढायचा, सोबत कोण होतं आणि कशासाठी, हे भरल्याशिवाय ॲप पुढे सरकत नसे. तिला त्याचा भारी अभिमान होता.

लेफ्तेरिसने टेबलाखाली, मांडीवरच फोटो काढला. 'फोटो अंधुक आहे,' ॲप म्हणालं. पुन्हा काढला. पुन्हा तेच. शेवटी बिल टेबलावर उन्हात मांडावं लागलं. मान खाली घालून त्याने उरलेलं भरलं.

"बघू रे." मानोलिसने चष्मा चढवला, फोन स्वतःकडे वळवला आणि मोठ्याने वाचलं, "सोबत: मानोलिस, ग्राहक. कारण: विक्री वाढवणे."

"नुसता उपचार आहे, काका. पैसे आधीही कंपनीच द्यायची. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं. पण माझ्या तोंडावर कधी लिहिलं नव्हतंस."

त्याने वेटरला हाक मारली. "माझं वेगळं कर."

वेटरला थट्टा वाटली, तो हसला. या गावात वेगळं बिल फक्त परके लोक मागतात. मानोलिस हसला नाही. आपल्यापुरत्या नोटा ठेवून तो उठला, लेफ्तेरिसच्या खांद्यावर थोपटलं आणि निघून गेला.

ख्रिसांथीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेफ्तेरिसने फोन तिच्यापुढे सरकवला. "काकांना यातून काढायचं कसं?"

तिने बोट ठेवलं. 'सोबत'च्या यादीत सगळ्यात खाली होतं: 'सोबत कोणी नाही.'

लेफ्तेरिसने ते दाबलं. ॲप पुढे सरकलं.