आडोशाचे यमक

सोमवार, १७ फेब्रुवारी १९५८, सकाळी अकरा. परंड्याच्या तहसील कचेरीत भाजलेल्या चेहऱ्याचा एक माणूस नायब तहसीलदारांसमोर उभा राहिला. आपले नाव बलभीम असल्याचे त्याने सांगितले.

बलभीम दहा वर्षांपूर्वी गाव सोडून गेला होता. १९४८ च्या वैशाखात त्याचे लग्न झाले. आषाढात तो रझाकारांशी लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला आणि परत आला नाही. मागे राहिली पंधरा वर्षांची बायको, द्वारकाबाई. त्यांनी कुंकू पुसले नाही.

चुलते आण्णासाहेब यांचा अर्ज एवढाच होता : बलभीम त्याच साली मेला असे लिहून घ्यावे. तसे ठरले तर जुन्या कायद्याने घर आणि शेतातला त्याचा हिस्सा बायकोला न मिळता चुलत्यांकडे जाणार होता. द्वारकाबाईंना माहेर उरले नव्हते. समोरचा माणूस बलभीम नाही असे आज ठरले, तर संध्याकाळपर्यंत त्यांना घर सोडावे लागणार होते.

माणसाची जबानी झाली. कॅम्पात जळकोटचा उत्तरेश्वर हा दोस्त त्याच्याबरोबर होता. चकमकीत उत्तरेश्वर गेला.

"त्याला म्या माझ्या हातानं माती दिली, साहेब."

नंतर तो आजारी पडला, भटकला. शोभेच्या दारूचे काम करताना चेहरा भाजला. असल्या तोंडाने घरी कसे यावे, यात वर्षे गेली.

"सोंग हाय, साहेब," आण्णासाहेब म्हणाले. "अंगापिंडानं तेवढाच दिसतो म्हणून काय पुतण्या झाला?"

"तो पुतण्या ठरला तर तुमचा अर्ज जातो, आण्णासाहेब. तुमचं बोलणं मी ते धरूनच ऐकतोय."

नायब तहसीलदार द्वारकाबाईंकडे वळले. "तुम्ही ओळखता यांना?"

"दोन महिन्यांचा संसार, साहेब. मान वर करून बघितलं न्हाय कधी." त्या टेबलाजवळ सरकल्या. "एक इचारा त्यास्नी. लग्न लागून आमी घरी आलो तवा बायांनी उंबऱ्यात दार अडवलं. नवरदेवाला नाव घ्या म्हणाल्या. तो उखाणा कुठं लिहिलेला न्हाय. ह्या शेजारच्या गौराबाई दार धरून हुत्या. त्यांच्या ध्यानात हाय. तेवढंच इचारा."

गौराबाईंना शेजारच्या खोलीत नेले. त्यांनी सांगितलेला उखाणा कारकुनाने उतरून घेतला आणि कागदाची घडी टेबलावर ठेवली.

"सांगा," नायब तहसीलदार म्हणाले.

"सीनेच्या काठाला बाभळीचा आडोसा..." माणूस म्हणाला आणि तिथेच अडला.

कारकुनाचा टाक कागदावर टेकून राहिला. आडोशाला जुळणारा शब्द काही येईना. माणसाचे ओठ नुसते हलत होते.

आण्णासाहेब हसले. "आरसा म्हण की. तोंड तरी बघशील."

माणसाने डोळे मिटले. "द्वारकेचं नाव घेतो, तिच्यावर भरवसा."

नायब तहसीलदारांनी घडी उघडली. भरवसा हा शब्द कागदावर नव्हता. त्यांनी नकारार्थी मान हलवली. द्वारकाबाईंनी पदराचा काठ मुठीत आवळला.

"चुकला!" आण्णासाहेब उठलेच. "लिहा साहेब, चुकला म्हणून."

"थांबा," माणूस म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "भरवसा आधीचा. आडोसा म्हणलं की भरवसा कुणाच्याबी तोंडात येतो, म्हणून तर काढला. म्हणलं, नवी नवरी घरात येतीया, दार अडलंय, तर उजेड मागावा. पण उजेड काय आडोशाला बसंना. लई येळ शब्द घावंना. मग मांडवाच्या डहाळ्यांतनं भुईवर ऊन पडलेलं दिसलं आन् घावला." त्याने दोन्ही ओळी सलग म्हटल्या :

"सीनेच्या काठाला बाभळीचा आडोसा,
द्वारकेचं नाव घेतो, घरात येऊ द्या कवडसा."

कारकुनाने वाकून कागद पाहिला. शब्दाला शब्द तोच होता.

"हा तुम्हीच रचलात?"

"व्हय साहेब. म्याच जुळवला." सकाळपासून पहिल्यांदा त्याने नायब तहसीलदारांच्या डोळ्यांकडे बघून उत्तर दिले.

"आमच्या बलभीमाला भजनात टाळ धरता येत नव्हता," आण्णासाहेब ओरडले, "त्यो यमक कुठलं जुळवतोय!"

"खाली बसा."

गौराबाईंना पुन्हा बोलावले.

"दारात म्हटलेले शब्द हेच?"

"शब्द ह्येच," गौराबाई म्हणाल्या. आणखी काही सांगायला त्यांनी तोंड उघडले. तोवर साहेब द्वारकाबाईंकडे वळले होते.

"तुमचं काय म्हणणं?"

द्वारकाबाईंनी मान वर केली. त्या भाजलेल्या चेहऱ्याकडे त्यांनी सावकाश, पुरते पाहून घेतले.

"ह्येच ते," त्या म्हणाल्या.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी हुकूम झाला. माणूस बलभीम असल्याचे मान्य. आण्णासाहेबांचा अर्ज नामंजूर. अपिलाची मुदत एक महिना. आपण अपील करणार, असे आण्णासाहेबांनी तिथेच सांगितले आणि पागोटे सारखे करत ते निघून गेले.

माणूस गावाकडच्या गाडीची चौकशी करायला स्टँडवर गेला. दोघी कचेरीच्या पायऱ्यांवर बसल्या. गौराबाईंनी पिशवीतून पान काढले, पण ते हातातच राहिले.

"द्वारके, साहेबानं इचारलं तेवढंच म्या सांगितलं. खोटं बोलले न्हाय."

"न्हाय बोललात."

"पर त्या दिवशी उंबऱ्यात बलभीमाला दरदरून घाम फुटला हुता. त्याच्या तोंडातनं अक्षर फुटंना. त्यो जळकोटचा दोस्त मागं उभा राहून त्याच्या कानात एक एक शब्द सांगत हुता."

स्टँडकडून तो माणूस परत येताना दिसला. द्वारकाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या उठल्या.

"ठाव हाय मला, मावशी. शेजारीच हुते की मी. म्हणून तर साहेबाला म्हणलं, तेवढंच इचारा."