कप्प्यातून बाहेर जाणारी ओळ

“नाव तर त्यांचंच दिसतंय,” काकू म्हणाल्या आणि चष्मा काढून पदराने पुसू लागल्या.

प्राध्यापिकेने लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला. कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात ‘कप्पा’ सांभाळायचं काम तिने सहा वर्षांपूर्वी अंगावर घेतलं होतं. कप्पा म्हणजे संगणकावर रोजनिशी लिहायचा प्रोग्रॅम. फुकट, आणि कोड सगळ्यांसाठी उघडा. काकूंनी आणि त्यांच्या नवऱ्याने तो मिळून लिहिला, त्याला पंचवीस वर्षं झाली. लोकांच्या लक्षात राहिले ते सर. त्यांना जाऊनही आता तीन वर्षं होत आली होती.

“पानं छापायच्या कोडात दडली होती ही ओळ, सरांच्या खात्यावरून घातलेली. तिथे कोणी ढुंकून बघत नाही,” प्राध्यापिका म्हणाली. “गेल्या आठवड्यात एकाच्या नजरेला पडली. लिहिलेलं पान ती गुपचूप एका पत्त्यावर पाठवते. तेव्हापासून पत्रांचा भडिमार चाललाय. एका बाईंनी लिहिलंय, ‘आजारपणात घरच्यांनाही बोलले नाही ते मी कप्प्यात लिहिलं. ते कोणी वाचलं?’ काय उत्तर देऊ त्यांना?”

“सगळ्यांची पानं जातात?”

“नाही. प्रोग्रॅम आधी संगणकाचा नंबर बघतो. एकच नंबर आहे. तो जुळला तरच पान जातं. पण आता लोकांचा विश्वासच उडालाय. उद्या खुलासा द्यायचाय. सरांचं नाव आणि कप्प्याच्या पहिल्या पानावरचं त्यांचं ते वाक्य, दोन्ही काढून टाकावं असं कप्प्यावर काम करणाऱ्या बाकीच्या मंडळींचं म्हणणं पडलं.”

ते वाक्य काकूंना पाठ होतं. कप्पा नावारूपाला आला तेव्हा एका कंपनीचा माणूस घरी आला होता. कोणी काय लिहितं ते नको, नुसतं किती जण किती वाजता लिहितात तेवढं कळवा, म्हणाला. मोबदला चांगला होता आणि घरात चणचण होती. ह्यांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, “माणूस काय लिहितो हे तर सोडाच, कधी लिहितो हेही आपल्याला कळायला नको.” एरवी दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस. त्या दिवशी सगळा कोटा संपवला, असं काकू नंतर कितीतरी वर्षं हसून सांगत.

तेव्हा ते छापखान्याच्या वरच्या खोलीत राहत. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरचे कप किणकिणत. संगणक एक, खुर्ची एक, कोड चढवायचं खातंही एकच, ह्यांच्या नावाचं. सकाळी हे बसत, संध्याकाळी काकू. ह्यांनी अर्धवट सोडलेलं काकू पुरं करत आणि काकूंचं चुकलेलं हे मुकाट्याने दुरुस्त करून ठेवत. शाईचा वास कपड्यांना लागे, उशांना लागे. तितकं सुख पुढे मोठ्या घरातही मिळालं नाही.

मोठं घर घेतलं ते बाळासाठी. बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं.

त्यानंतर घरात बोलणंच उरलं नाही. दोघं जेवत, भांडी विसळत, आपापल्या संगणकापुढे बसत; खातं तेवढं अजून दोघांचं एकच. पुष्कळ महिने असेच गेले. मग हळूहळू ह्यांना न सांगता सगळं कळू लागलं. एका सकाळी पाळणा दिसेनासा झाला. काकूंनी तसा शब्दही काढला नव्हता. नोकरी नकोशी झाली होती, तर जेवता जेवता हेच म्हणाले, “सोडून दे.” धाकट्या बहिणीशी अबोला होता, तर एक दिवस तिच्या गावची दोन तिकिटं टेबलावर. बहीण म्हणायची, असा मनकवडा नवरा सगळ्यांना मिळो.

“तुमचा जुना संगणक अजून आहे का?” प्राध्यापिकेने विचारलं. “नंबर नक्की कुठला ते बघायला हवं.”

“आहे ना. रोज त्याच्यावरच लिहिते. दोनदा दुरुस्त केला, पण बदलला नाही. बघा की.”

आतल्या खोलीत खिडकीशी संगणक होता. दोघींनी मिळून तो पुढे ओढला. प्राध्यापिकेने मागची धूळ पुसली, मोबाइलचा उजेड पाडला आणि एकेक आकडा वाचत गेली. मग तिने कोडमधून कागदावर उतरवून आणलेला नंबर पुन्हा पाहिला.

“जुळला?” काकूंनी विचारलं.

“काकू, बसा तुम्ही जरा.”

“सांगा. मी उभी बरी आहे.”

“मला वाटलं होतं, कुठल्या तरी चाचणीसाठी असेल. पण नंबर ह्याचाच आहे. आणि ज्या पत्त्यावर पान जायचं, तो सरांचा आहे. रोजचं पान, रोज. जाईपर्यंत सोळा वर्षं ते तुमची रोजनिशी वाचत होते. मला हे तुम्हाला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. मी खुलाशात तुमचं नाव येऊ देणार नाही. कोणाच्या पानाला धक्का लागलेला नाही एवढंच लिहीन, आणि सरांनी घातलेली ओळ काढून टाकली म्हणून सांगेन.”

काकूंनी संगणक पुन्हा भिंतीला सरकवला. वायर नीट बसवली.

“माझं नाव येऊ द्या,” त्या म्हणाल्या. “ओळ मी घातली. समोर बसून माझ्याने बोलवत नव्हतं.”