सुवाची जागा

"बाबा, दात का काढून आलात?"

सायाने गालावर हात ठेवला. "दुखत होता."

"कधी बोलला नाहीत ते."

"आता नाही दुखत," म्हणत तो चुलीकडे वळला. नारळाच्या दुधातलं अळू आजही खाली लागलं होतं. फुसीने भांडं उतरवायला हात पुढे केला, तर त्याने तिला कोपराने मागे सारलं. "राहू दे. मला येऊ दे की एकदाचं."

आई गेल्यापासून घरचा स्वयंपाक फुसीच करत होती. गेल्या महिन्यापासून मात्र बाप हट्टाला पेटला होता. स्वतः रांधायचा, आपले कपडे आपणच धुवायचा. आपण शिकायला गेल्यावर एकटं कसं राहायचं याची सवय करतोय हा माणूस, असं तिला वाटायचं.

तिला जायचं होतं फिजीला, सुवाच्या विद्यापीठात. आधी एक वर्ष पूर्वतयारीचं, ते नीट पार पडलं की पुढे डॉक्टरकी. टोंगा देशातल्या व्हावाउच्या साऱ्या बेटांना मिळून यंदा एकच जागा आली होती, आणि ती फुसीला मिळाली होती.

शाळेत विषय निवडायची वेळ आली, तेव्हा वर्गातल्या बहुतेक मुली सोपे विषय घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. सियाले बाईंनी फुसीला मागे थांबवलं होतं.

"तुला काय व्हायचंय?"

"डॉक्टर."

"मग रसायनशास्त्र आणि गणित. आवडो न आवडो. ते सोडलंस तर हा रस्ता इथेच संपला."

फुसीने सोडलं नाही. तिच्या आईला ताप चढला तेव्हा त्यांच्या लहानशा बेटावर डॉक्टर नव्हता. तो बोटीने पोचला तोवर शेजारणी रडायला लागल्या होत्या. फुसीने पुढची सगळी वर्षं त्या एका दिवसावर काढली. राजधानीला जाणारी मोठी बोट धक्क्यावरून सुटली की शाळेतून परतताना ती उभी राहायची. बोट डोंगराआड जाईपर्यंत हलायची नाही. आतून कुणीतरी तिला ओढून नेतंय असं वाटायचं.

आता सुवाच्या वाटेवर राजधानी गाठायला ती बोट तिच्यासाठीच लागणार होती, आणि तिचे पाय जड झाले होते.

"कधी निघायचंय?" साया रोज विचारायचा.

"अजून वेळ आहे, बाबा."

"म्हणजे कधी?" त्याचा आवाज चिरका व्हायचा. ती उठून जायची.

मग एके दिवशी त्याने डुकरं नेऊन बहिणीच्या घरी बांधली. लेकरांसारखी वाढवलेली डुकरं. फुसी धावत आत्याकडे गेली.

"मला काय विचारतेस?" आत्या चटई विणता विणता म्हणाली. "आता निगा होत नाही म्हणाला. तुझी आई गेली तेव्हाही असंच सगळ्यातून मन काढून घेतलं होतं त्याने. किनाऱ्यावर बसून राहायचा, हाका मारल्या तरी वळायचा नाही. त्या वेळी तू होतीस म्हणून उठला. आता कोण उठवणार आहे त्याला? मी?"

"तुम्ही आहातच की जवळ."

"मी बहीण आहे गं. माझ्या सांगण्याने तो जागचा हलतसुद्धा नाही."

त्या संध्याकाळी साया तिची जुनी वही घेऊन आला. "मला थोडं इंग्रजी शिकव."

"तुम्हाला? कशाला?"

"फोन केला आणि भलत्यानेच उचलला तर? काय बोलू, आपल्या टोंगनमध्ये ओरडू?"

फुसी हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. ते लपवायला तिने तोंड फिरवलं. तो मान खाली घालून शब्द घोकत राहिला, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

दुसऱ्या दिवशी ती थेट बाईंच्या खोलीत गेली.

"बाई, मी जात नाही. माझी जागा पाएआला द्या." पाएआ तिच्याच वर्गातला. गुणांत तिच्या लगेच मागे होता.

सियाले बाईंनी हातातली वही मिटली. "बापाशी बोललीस?"

"ते जाच म्हणतील. पण मला दिसतंय ना, बाई. मी गेले तर ते जगणार नाहीत."

"ही जागा पुन्हा येईलच असं नाही, फुसी. आज कळवलं की परत फिरवता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग माझ्याकडे बघून सांग."

तिने बघून सांगितलं. बाईंनी तिच्यासमोरच राजधानीला फोन लावला. पाएआचं नाव घेताना त्यांचा आवाज दोनदा अडखळला.

परतताना फुसी धक्क्यावर थांबली नाही. समोर मोठी बोट उभी होती. तिने तिकडे पाहिलंच नाही.

साया दारात बसला होता. ती त्याच्या पायाशी जाऊन बसली.

"बाबा, मी जात नाही. बाईंना सांगून आले."

"कुठे जात नाहीस?"

"सुवाला. पाएआ जाईल. मी इथेच राहणार, तुमच्याजवळ."

तो आपल्याला रागवेल, मग जवळ घेईल, असं तिला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"जा, परत जाऊन सांग त्यांना."

"झालं ते, बाबा. आता बदलत नाही. तुम्हाला आनंद नाही झाला?"

सायाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"सोमवारी मी ऑस्ट्रेलियाला निघालोय गं, द्राक्षाच्या मळ्यावर मजुरीला," तो हातांआडून म्हणाला. "तिकडे दुखायला नको म्हणून दातही काढला. तू गेल्यावर या घरात एकट्याने राहायची माझी छाती नव्हती."