साक्षीदार

“मृदुला केळुसकर,” मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता मी मोठ्यानं म्हणाले. आमच्या आयव्हीएफ लॅबचा नियमच आहे तो. मी पेशंटचं नाव घ्यायचं, मागे उभ्या निमिषानं डिशवरचं नाव ताडून बघायचं. तिनं “बरोबर” म्हटल्याशिवाय गर्भ उचलायचा नाही. सात वर्षं हेच चाललंय. वळून बघणं मी कधीच सोडलं होतं.

“बरोबर,” मागून आवाज आला. जरा बारीक वाटला. मास्कमुळे असेल. मी गर्भ नळीत घेतला आणि खिडकीतून डॉक्टरांच्या हातात दिला. पलीकडे टेबलावर मृदुला डोळे मिटून, हात जोडून पडली होती. दोन मिनिटांत गर्भ तिच्या गर्भाशयात सोडून झालासुद्धा.

तेवढ्यात दार ढकलून निमिषा धापा टाकत आत आली. “सॉरी ताई, लिफ्ट बंद होती. सुरू नाही ना केलंत?”

रिकामी डिश मी उजेडात धरली. तिच्यावर दुसऱ्याच बाईचं नाव होतं.

खिडकीपलीकडून मृदुलानं हसऱ्या आवाजात विचारलं, “मॅडम, मघाशी ‘बरोबर’ म्हणालं, ते लहान मूल कोणाचं हो?”